सराव प्रश्न क्रमांक सतरा

मे महिन्यातला रविवार, दुपारचे अडीच,
बाहेर पंचेचाळीस, आत कूलर बंद,
आणि लॅपटॉपवर तीन संस्था
तीन मावश्यांसारख्या, एकेक स्थळ घेऊन बसलेल्या.

पहिली म्हणते, दोन दिवस वर्गात ये,
रामदासपेठेतलं हॉटेल, जेवणासकट,
पेपर सोपा, नापास सहसा कुणी होत नाही,
फक्त दर दोन वर्षांनी फी भर,
तुझं ज्ञान ताजं करून देते.
(ज्ञान बहुधा सांबारासारखं असतं,
फ्रीजमध्ये ठेवलं तरी चौथ्या दिवशी काळं पडतं.)

दुसरी म्हणते, घरीच वाच.
एक तास, ऐंशी प्रश्न, मागे फिरायला वेळ नाही.
एकदा मिळालं की मरेस्तोवर तुझं.

तिसरी आधी अनुभव विचारते:
किती तास, कोणाच्या हाताखाली, सही कोणाची.
माझ्या साडेनऊ वर्षांवर ज्यांची सही हवी
त्यातले दोघे कॅनडात,
एकाचा फोन लागत नाही.

ऑफिस अर्धी फी देतं. कोणती घ्यायची, ते सांगत नाही.
मिहानच्या बसमध्ये प्रणोती खडतकर म्हणाली,
पहिलीच घे, पुण्याच्या जाहिरातींत तीच मागतात.
मागच्या सीटवरून उईके म्हणाला,
पहिली म्हणजे स्वतःच्या खर्चानं स्वतःचा सत्कार.
छत्रपती चौकापासून खापरीपर्यंत भांडले दोघं.

लांजेवार कूलरच्या पोटात डोकं घालून विचारतो,
"काय करून राहिल्या मॅडम, सुट्टीच्या दिवशी?"
सांगितलं.
"मंग गेटवर जे मांगते ते घ्या न.
माझ्यापाशी वायरमनचं लायसन नव्हतं,
होस्टेलचे एकशे चाळीस कूलर गेले
अशा पोट्ट्याकडे
ज्याले पंप कोणत्या बाजूनं फिरते ते माहीत नाही."
एवढं बोलून त्यानं जुनी खस झटकली.
धूळ सगळी कीबोर्डवर.

तेव्हा मी दुसरीचे सराव प्रश्न सोडवत होते.
सोळापर्यंत हिरवे. सतरावा असा:
पंधरवड्याचे तीन दिवस उरलेत,
ठरलेलं सगळं काम होणार नाही हे टीमला कळलंय.
तुम्ही काय कराल?
मी क वर टिचकी मारली.
क: टीमसोबत रात्री थांबेन.

लाल.

खाली दीड ओळीचं स्पष्टीकरण,
आवाज कुठेही न चढवता:
जमेल तेवढं नीट करा, उरलेलं मांडून सांगा.

मागच्या दिवाळीआधी
चौथ्या मजल्यावर आम्ही पाच जण, पहाटेचे चार,
डब्यातल्या पोह्यांवर तर्री गोठलेली,
रोशनीचं बाळ व्हिडिओ कॉलवर रडत होतं
आणि ती त्याला म्यूट करून कोड लिहीत होती.
मी टेबलाटेबलाशी जाऊन म्हणत होते, होईल, आपण करू,
जसं कोणी मला गुण देणार होतं.
दिलेही. वार्षिक शेऱ्यात: कष्टाळू.

लांजेवारनं पंप अर्धा मिनिट चालवला,
बंद केला, पाण्यात बोट घातलं,
चकती थोडी फिरवली, परत चालवला.
आधी गरम वारा, मग बरा, मग गार.
पाचशे झाले.

तो म्हणाला ते खोटं नाही,
पुण्याच्या जाहिराती मीही रोज वाचते.
तरी पैसे दुसरीचे भरले.
ओटीपी आला तेव्हा तो जिन्यात शिडी उतरवत होता.
जी मावशी तोंडावर म्हणाली, चुकलीस,
तिच्याकडे जरा बसावंसं वाटलं.

अठरावा प्रश्न तसाच उघडा ठेवला.
रोशनीला मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला:
उद्यापासून सहाला निघत जा. वर काय सांगायचं ते मी सांगते.

बराच वेळ नुसतं टायपिंग, टायपिंग.
मग आलं:
मॅडम, तब्येत बरी आहे न?